अर्ध्या शब्दासाठी शिराळ्यापर्यंत

आदरणीय श्री. रामचंद्र बाळाजी निकम, म्हणजे सातारा-सांगलीकडच्या वाचकांचे आबा, यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा ग्रंथ निघत आहे. यात विद्वानांचे लेख आहेत. मी विद्वान नाही. मराठी चौथीनंतर शाळेचे आणि माझे जमले नाही; जे शिकलो ते छापखान्यात, शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचत शिकलो. गौरव समितीने मला लेख मागितला तेव्हा मी एवढेच विचारले, की माझा मजकूर कुणी सुधारणार तर नाही ना. नाही म्हणाले. म्हणून लिहितो.

आबांची माझी ओळख एका गावाच्या नावावरून झाली. परवाच्या महायुद्धाचे दुसरे वर्ष असेल. साताऱ्यातल्या आमच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात मी कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, म्हणून नुकताच लागलो होतो. आबा हायस्कुलात इंग्रजी शिकवीत आणि आठवड्यातून एकदा ‘जगाची चावडी’ हे सदर लिहून देत. इंग्रजी वर्तमानपत्रे वाचून, रेडिओ ऐकून, कोणत्या देशाचे पुढारी कुठे जमले, काय बोलले, कशावर अडले, हे ते मराठीत सांगत. त्या दिवशीच्या मजकुरात स्वित्झर्लंडातले एक शहर वरच्या परिच्छेदात ‘जिनेव्हा’ होते आणि खाली ‘जिनिव्हा’. मी हात थांबवला. शेजारचा म्हणाला, “जुळव की गड्या, कोण तिथं जाऊन बघनार हाय?” मी जुळवले नाही. आबा आले तेव्हा दोन्ही ठिकाणी बोट ठेवून विचारले, यातले खरे कोणते.

आबांनी पिशवीतून जाडजूड नकाशांचे पुस्तक काढले, इंग्रजी अक्षरे पाहिली, नाव तीनदा मोठ्याने उच्चारले आणि म्हणाले, “जिनिव्हा धरा. आणि तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.” तोवर छापखान्यात मला ‘तुम्ही’ म्हणणारे कुणी नव्हते. जाताना ते पुस्तक माझ्याकडे ठेवून गेले. आठ दिवसांत परत द्या म्हणाले होते. मी अकराव्या दिवशी दिले, पण खाकी कागदाचे कव्हर घालून दिले. त्या अकरा दिवसांत पृथ्वीवर किती देश आहेत हे मला प्रथम कळले, आणि त्यांतल्या बहुतेकांना एकमेकांशी काही ना काही काम असते हेही.

आबा जन्माने शेतकऱ्याघरचे. मॅट्रिक झाल्यावर पलटणीत कारकून म्हणून गेले आणि पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला होते. लढाई संपली तरी पलटण महिनोन्महिने छावणीत पडून होती, कारण तिकडे फ्रान्सात बड्या राष्ट्रांचे पुढारी तहाच्या कलमांवर वाद घालीत होते. आपल्या मुलखातले शिपाई रोज संध्याकाळी आबांकडे येत आणि विचारीत, “कारकूनसाहेब, सही झाली का?” आबांना इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येई, पण वाचलेले त्या गड्यांना कळेल असे सांगता येईना. ती लाज मनात राहिली, असे ते म्हणतात. सदराचा उगम त्या लाजेत आहे. पुष्कळांना वाटते तसा तो विद्वत्तेत नाही.

सांगलीतल्या एका व्याख्यानाला मी त्यांच्याबरोबर होतो. जगात धान्याची टंचाई होती आणि बरीच राष्ट्रे एकत्र बसून कुणी कुणाला किती धान्य द्यायचे ते ठरवीत होती. अध्यक्षांनी प्रास्ताविकात ‘आंतरराष्ट्रीय सामंजस्य’ हा शब्द सात वेळा वापरला. मी मोजले. मागच्या रांगेतली माणसे जांभया देऊ लागली. मग आबा उठले आणि पाटाच्या पाण्याच्या पाळीपासून सुरुवात केली. वरच्या रानवाल्याने पाटाचे दार वेळेवर बंद केले नाही तर खालचे रान वाळते, आणि खालचा माणूस रागाने पाट फोडतो तेव्हा वरच्याचेही पीक जाते. जगाच्या धान्याची पाळी लावायला हे लोक बसलेत, एवढीच ती गोष्ट आहे. मागचा एक म्हातारा म्हणाला, “आन पाळी मोडली तर दंड कोन घेनार?” आबा म्हणाले, “तेच तर अजून ठरंना त्यांचं.” सभा हसली आणि एकही जण उठला नाही. पुढे पाच बड्या राष्ट्रांना नकाराधिकार मिळाला तेव्हा त्याच म्हाताऱ्याने त्याची व्याख्या केली म्हणे: पाचांतल्या एकानं मान हलवली की पंगत उपाशी उठली. आबांनी ती सदरात त्याच्या नावासकट छापली.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी लेखणी हातात घेतली ती सांगतो.

महायुद्धाचे शेवटचे वर्ष. जर्मनी पडली होती, जपान लढत होता, आणि आपल्या भागातली घरोघरची मुले ब्रह्मदेशात होती. आषाढात बर्लिनजवळ तीन बड्या राष्ट्रांचे पुढारी एकत्र बसले. मध्येच विलायतेतल्या निवडणुकीचा निकाल लागायचा म्हणून तिथल्या पुढाऱ्यांना घरी जावे लागले आणि परिषद दोन दिवस थांबली. आबा तेव्हा तापाने घरी होते. त्यांनी अंथरुणातून मजकूर लिहून पाठवला. त्यातले एक वाक्य असे: ‘तीनही राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनी एकमेकांशी विचार करून तहकूब केलेली परिषद आता पुन्हा भरेल.’

पहिल्या पानाची शेवटची ओळ ‘तह’पाशी संपली. शब्द तुटला की पुढे आडवी रेघ द्यायची, हा नियम. पण रेघ घातली तर ओळ दाटत होती, आणि ओळींच्या कडा सुतासारख्या सरळ ठेवणे ही माझी घमेंड. मी रेघ गाळली. ‘तह’ पहिल्या पानाच्या तळाशी राहिला, ‘कूब’ चौथ्या पानाच्या माथ्यावर गेला. आबा आजारी, म्हणून प्रूफही मीच वाचले होते.

पाच-सहा दिवसांनी शिराळ्याजवळच्या एका गावातून कार्ड आले. लिहिणारे दादू जाधव, पेन्शनर हवालदार. गावाला आमचे साप्ताहिक तेच वाचून दाखवीत. कार्डात होते: ‘पुढाऱ्यांनी विचार करून तह केल्याचे वाचून गावास फार आनंद झाला. इथली विधवा सोनूबाई साळुंखे हिचा मुलगा मारुती ब्रह्मदेशी आहे. त्याची ठरलेली सोयरीक मोडत होती ती आपल्या बातमीने वाचली. सोयरे येत्या शनिवारी माणदेशातून बोलणी करण्यास येत आहेत. तरी मारुती कोणत्या तारखेस घरी पोचेल ते छापावे. इकडे सर्व खुशाल.’

आबा अंगात स्वेटर घालून नुकतेच कामावर आले होते. त्यांनी कार्ड दोनदा वाचले, अंक मागवला, पहिल्या पानाच्या तळाशी बोट नेले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, रेघ मी गाळली. आमचे मालक-संपादक म्हणाले, चौथे पान वाचायला हवालदाराला कुणी मनाई केली होती का. पुढच्या अंकात बर्लिनची बातमी येईल, आपोआप कळेल. आबा म्हणाले, “सोयरे शनिवारी येणार आहेत. अंकही शनिवारीच निघतो. तो त्या गावात मंगळवारी पोचतो.” मग मला म्हणाले, “तुम्हीही चला.”

शनिवारी पहाटे आम्ही कऱ्हाडावरून शिराळ्याकडे जाणारी मोटार धरली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती गाडी चढाला दोनदा थांबली. शिराळ्याच्या अलीकडे उतरून चिखलातून दोन मैल चालायचे होते. आबांना अजून धाप लागत होती, पण हात धरू देईनात.

सोनूबाईंच्या घराच्या पुढच्या सोप्यात घोंगडे अंथरले होते. हवालदार होते, आणि मुलीचे वडील ज्ञानू माने सकाळीच येऊन बसले होते. साताऱ्याहून छापखान्याची माणसे आली म्हटल्यावर सोनूबाईंचे तोंड उजळले; मारुतीची तारीख घेऊन आलो, असे त्यांना वाटले. आबांनी पाण्याचा तांब्याही हातात घेतला नाही. कचेरीत आमचे व्याकरण सुधारणारे आबा तिथे आईच्या भाषेत बोलले.

“सोनूबाई, तह झाल्याला न्हाई. लढाई चालू हाय. चूक आमची हाय.”

“म्हंजी मारुती अजून तितंच?”

“तितंच.”

त्यांनी घोंगड्याची दुमडलेली कड सरळ केली. मग हळूच म्हणाल्या, “मी गावात गूळ वाटला की वं.”

मी आयुष्यात पुष्कळ चुका जुळवल्या आणि सुधारल्या आहेत. ती मला सुधारता येण्यासारखी नव्हती.

हवालदारांना ते लागले. आपण अक्षर अन् अक्षर बरोबर वाचले, तह म्हणजे तहच, असे ते म्हणू लागले. आबा म्हणाले, “तुमी बरूबरच वाचलं, हवालदार. अर्धा शब्द आमी दिला. उरलेला तुमच्या मनातनं आला. तिथं दुसरं काय येनार?”

तोवर ज्ञानू माने उठून पटका बांधू लागले होते. वाईट माणूस नव्हे. दोन वर्षे थांबले होते. त्यांचा थोरला मुंबईला गिरणीत होता आणि त्याने बहिणीसाठी तिकडे दुसरे स्थळ पाहिले होते, खोलीवाले. “मग आमी मोकळं,” ते म्हणाले. “सरकारचं ठरंना, जर्मनचं झालं तर जपानचं ठरंना. माज्या पोरीनं कुटवर बसायचं?”

आबा म्हणाले, “जावा. पर छापलेला शब्द पुरा ऐकून जावा.” मग त्यांनी ‘तहकूब’ सांगितले. ते मी जसेच्या तसे लिहितो, कारण जागतिक परिषदांवर पुढे पुष्कळ वाचले, पण इतके थोडक्यात कुणी सांगितल्याचे मला माहीत नाही.

“त्या तिघांचा एकमेकांवर लय जीव हाय असं समजू नका. एकाचा दुसऱ्यावर भरवसा न्हाई. ह्याला जमीन पायजे, त्याला दर्या पायजे. पर उटले तवा भांडून न्हाई उटले, पुडचा दिवस लावून उटले. ह्येला तहकूब म्हनायचं. मोडली न्हाई. आज जमंना, परत बसू. जगातली येवडी मोटी मानसं, पर ह्येच्यापरीस मोटी युक्ती त्यांच्याकडंबी न्हाई.”

हवालदार म्हणाले, “आन त्यांच्यात सोयरीकबी न्हाई.” माने हसले नाहीत, पण पटक्यावरचा हात खाली आला.

“आन पुडच्या दिसालाबी पोरगा न्हाई आला तर?” माने म्हणाले.

“तुळशीच्या लग्नापतोर थांबा. न्हाई आला तर मी सोता येऊन तुमाला चारचौघांत मोकळं करीन.” आणि मग आबांनी विचारले, की मुलीला कुणी विचारले आहे का. ज्यांच्या मुलखाचा निवाडा होतो त्यांनाच खुर्ची मिळत नाही, ही परिषदांबद्दलची त्यांची जुनी तक्रार सदरात वारंवार येई. सोप्यावरही ती सुटली नाही. माने खाली बघत म्हणाले, “ती थांबतीया म्हनूनच तर मी इतवर आलो. न्हाईतर कार्ड टाकलं असतं.”

सोनूबाई उठून आत गेल्या आणि गुळाचा चहा घेऊन आल्या. वाटून एवढाच उरला, म्हणाल्या. आबांनी तो चहा दोन्ही हातांनी घेतला.

परत आल्यावर दुरुस्ती छापायची होती. मालकांच्या मते चौथ्या पानावर पुरे होती. आबांनी पहिल्या पानाच्या माथ्याचा कोपरा मागितला आणि घेतला. मजकूर माझ्या हाती दिला तो असा: ‘दोन आठवड्यांपूर्वीच्या अंकात तहकूब हा शब्द दोन पानांत विभागला गेल्याने तह झाल्याचा समज झाला. तुटल्यास उलट अर्थ देईल असा शब्द योजणे ही भाषांतरकाराची चूक होय. ज्यांच्या घरची मुले लढाईवर आहेत त्यांची भाषांतरकार क्षमा मागत आहे.’ मी म्हणालो, आबा, हे खरे नाही. रेघ माझी, प्रूफ माझे. ते म्हणाले, “मी ‘थांबलेली’ लिहिलं असतं तर तुमची रेघ गेली तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.” मी पुन्हा हट्ट धरला. तेव्हा म्हणाले, “अंक चांगला निघाला तर आपण कधी तुमचं नाव छापतो का? मग चुकीपुरतं कशाला छापायचं?”

मी ते निवेदन जुळवले. कडा सरळ आल्या. आज या लेखाखाली माझे नाव छापले जात आहे, तेव्हा ते चुकीसकट छापले जावे: ती चूक भाषांतरकाराची नव्हती, जुळणाऱ्याची होती. हा लेख आबांना आधी दाखवलेला नाही, कारण हा परिच्छेद त्यांनी खोडला असता.

पुढे नागपंचमीच्या सुमारास जपानने हत्यार टाकल्याची बातमी आली. गावोगाव आनंद झाला, पण आबांनी लिहिले ते असे: ‘लढाई थांबली आहे. तह व्हावयाचा आहे. मुले परतण्यास जहाजे लागतील आणि जहाजे थोडी आहेत.’ त्या अंकानंतर हवालदारांचे कार्ड आले. त्यात एकच ओळ: ‘ह्या खेपेस चारही पाने वाचून मग गावास सांगितले.’

तुळशीचे लग्न आले तरी मारुती आला नव्हता. रंगूनहून त्याचे पत्र होते, की जहाजाचा नंबर लागायचा आहे. कोणी म्हणाले, आता लढाई संपलीच आहे, आबांनी जायची काय गरज. आबा म्हणाले, मोकळे करीन असा शब्द दिला आहे, तो पाळायला गेले पाहिजे. गेले. मीही गेलो. त्याच सोप्यात माने बसले होते. आबांनी उभ्यानेच सांगितले, की मुदत संपली, मुलगा आलेला नाही, ठरल्याप्रमाणे मी तुम्हाला मोकळे करायला आलो आहे, निर्णय तुमचा.

माने म्हणाले, “बसा की आबा. येवडं चालून आलाय.” मग तंबाखू मळत, कुणाकडे न बघता म्हणाले, “तहकूबच करा आनि येकदा. पाडव्यापतोर.”

सोनूबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आबा माझ्याही पुढे झपाझप चालत होते.

मारुती फाल्गुनात आला. वैशाखात लग्न झाले. आबांना मांडवात सोयऱ्यांच्या मानाच्या जागी बसवले होते आणि ते संकोचून सारखे मागे सरकत होते. सोनूबाईंनी नव्या सुनेला त्यांच्या पाया पडायला आणले आणि सांगितले, “ह्येंनी खोटं सांगितलं न्हाई म्हनून तू ह्या घरात आलीस.” नागरी भाषेत याहून मोठा मानपत्राचा मजकूर मला तरी सुचत नाही, आणि मी पुष्कळ मानपत्रे जुळवली आहेत.

त्या वर्षापासून आमची कामाची रीत बदलली ती आजतागायत. मजकूर जुळवण्याआधी आबा माझ्याशेजारी स्टुलावर बसतात, एकेक शब्द वाचतात, आणि तो कुठे तुटला तर काय अर्थ होईल हे आम्ही दोघे पाहतो. ‘करार’, ‘ठराव’, ‘मान्य’, ‘अमान्य’ सगळे. पहिल्या महिन्यात अंक दोनदा उशिरा निघाला. मालक चिडले. आता ते बाहेरच्या लोकांना ही रीत आपलीच म्हणून सांगतात.

आज जगातली राष्ट्रे कायमची सभा करून बसली आहेत आणि तिथे आपल्या स्वतंत्र देशाची माणसे आपल्या तोंडाने बोलतात. आबांचे अक्षर जरा मोठे झाले आहे, चष्म्याचा नंबर वाढला आहे. सदर एकदाही चुकलेले नाही. गेल्या महिन्यात आटपाडीकडचा एक गृहस्थ वर्गणी भरायला आला आणि दारातच आबांना गाठून म्हणाला, “आवं आबा, ही मोटी मानसं नुसती बसत्यात, बोलत्यात, उटत्यात. बसून बसून निगतंय काय त्यातनं?”

आबांनी चष्मा काढून पुसला. “बसल्यात तवर पोरं घरी हायत,” म्हणाले.

तेव्हा आमचे मागणे एवढेच. जगातल्या पुढाऱ्यांना एकमेकांसमोर बसण्याची बुद्धी अखंड राहो. ते काय बोलले, कशावर अडले, पुन्हा केव्हा बसणार, हे आमच्या सोप्यासोप्यांवर कळेल अशा मराठीत सांगायला आबांना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. आणि त्या सदराचा शेवटचा शब्द जुळवण्याची पाळी कंपोझिटरांच्या माझ्या पिढीवर तरी न येवो.